म्योडलारॉइट गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत बव्हेरिया राज्यातल्या होफ शहरात शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मंडळी तिसऱ्या-चौथ्या रविवारी कंटाळतात आणि मग विचारतात, "जवळपास बघण्यासारखं काय आहे?" मी दर वेळी एकाच गावाचं नाव सांगतो: म्योडलारॉइट. जर्मनीचे दोन देश होते तेव्हा या गावाच्या मधून सीमेची भिंत गेली होती. जाऊन आल्यावर त्यांचे प्रश्न सुरू होतात, काहींचे तर जाण्याआधीच. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे नाव उच्चारायचं कसं? आणि त्याला काही अर्थ आहे का?

"म्योडला-रॉइट" म्हणा, चालतं. पहिला स्वर आपल्याकडे नाही, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होणारच. शेवटचं "रॉइट" मात्र ओळखीचं वाटेल, कारण बायरॉइट शहराच्या नावातही तेच आहे. जंगल तोडून मोकळी केलेली जमीन असा त्याचा अर्थ. होफच्या आसपासचा नकाशा पाहिलात तर रॉइट संपतच नाहीत. आपल्याकडे वाडी, खेड, गाव या शेपट्या जशा जागोजागी भेटतात तसंच. या भागात मध्ययुगात रान साफ करून वस्त्या बसल्या आणि नावांत ती तोड अजून शिल्लक आहे.

२. गाव नक्की कुठे आहे?

होफ शहराच्या उत्तरेला, रस्त्याने साधारण १५ किलोमीटरवर. गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. ओढ्याच्या दक्षिणेचा भाग बव्हेरिया राज्यात, होफ जिल्ह्यातल्या ट्योपेन ग्रामपंचायतीत. उत्तरेचा भाग थुरिंगिया राज्यात, जाले-ओर्ला जिल्ह्यातल्या गेफेल नगरपालिकेत. ओढ्याचं पाणी पुढे जाले नदीला मिळतं, जाले एल्बेला आणि एल्बे उत्तर समुद्राला.

पूर्वेला काही किलोमीटरवर बव्हेरिया, थुरिंगिया आणि सॅक्सनी ही तीन राज्यं एका ठिकाणी मिळतात. तिथे दगडही आहे. तिन्ही राज्यं स्वतःला अधिकृतपणे "मुक्त राज्य" म्हणवून घेतात, म्हणून त्या दगडाचं नावही तसंच ठेवलं आहे.

प्रदेश उंचसखल, शेतं आणि सूचिपर्णी झाडांचे पट्टे आलटूनपालटून. थंडी कडक. होफच्या या पट्ट्याला बाकीचे बव्हेरियावाले "बव्हेरियाचा सायबेरिया" म्हणून चिडवतात. नोव्हेंबरात पहिल्यांदा गेलो तेव्हा पुण्याहून आणलेल्या जॅकेटमध्ये मला त्या विनोदातलं तथ्य दहा मिनिटांत पटलं.

३. जायचं कसं? रेल्वे आहे का?

गावाला रेल्वे नाही. जवळचं मोठं स्टेशन होफ. स्वतःची गाडी किंवा सायकल सगळ्यात सोयीची. महामार्गाने येत असाल तर बर्लिन ते म्युनिक जाणारा ए-९ पश्चिमेकडून जवळून जातो. सायकलवाल्यांना एक सूचना: नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, चढ दिसत नाहीत.

४. लोक किती राहतात?

दोन्ही बाजू मिळून पन्नासच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या मध्यम चाळीत याहून जास्त माणसं असतात. काही शेतघरं, कोठारं, एक तळं, ओढा, त्यावरून जाणारा रस्ता. पाटी नसती तर गाडी न थांबवता निघून गेला असता, इतकंच.

५. गावाचे दोन तुकडे दुसऱ्या महायुद्धानंतर झाले ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर "नाही" आहे. टानबाख ओढा सोळाव्या शतकापासून सीमाच होता. एका काठावर बायरॉइटच्या सरदारांची सत्ता, दुसऱ्यावर रॉइस घराण्याची. नेपोलियनच्या धामधुमीत बायरॉइटचा प्रदेश आधी फ्रान्सच्या हाती गेला आणि १८१० मध्ये बव्हेरियाच्या राज्याकडे आला. त्याच वर्षी ओढ्याच्या कडेने नवे सीमादगड रोवले गेले. त्यांच्या एका अंगावर "के. बी." म्हणजे बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या अंगावर "एफ. आर." म्हणजे रॉइसचं संस्थान.

हे दगड आजही आहेत. शेवाळ धरलेले, गुडघ्याच्याही खालपर्यंत येणारे. आपल्या शेताच्या बांधावरचा दगड असतो ना, तसेच. मी नव्या माणसाला गावात नेतो तेव्हा भिंत दाखवण्याआधी हा दगड दाखवतो. भिंत बघून सगळे गप्प होतात, आणि मग दगड कोणालाच दिसत नाही. खरं तर गावाची गोष्ट दगडापासून सुरू होते: रेघ चारशे वर्षं होती आणि तिने कोणाचं काही बिघडवलं नाही. (कसं, ते प्रश्न ७ मध्ये.)

६. रॉइस म्हणजे कोण? हे नाव कधी ऐकलं नाही.

थुरिंगियाच्या पूर्व भागातलं छोटं राजघराणं. संस्थान लहान, पण एक सवय जगावेगळी: घराण्यातल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश. ओळखायचं कसं? क्रमांकाने. क्रमांक गादीवर बसणाऱ्यालाच नव्हे, प्रत्येक मुलाला. धाकट्या शाखेत नवं शतक लागलं की मोजणी पुन्हा एकपासून सुरू. आपल्याकडे घरोघरी आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, इथे सगळ्यांनाच ठेवलं. १९१८ मध्ये जर्मनीतली राजेशाही संपली आणि १९२० मध्ये रॉइससकट आसपासची छोटी राज्यं मिळून थुरिंगिया झालं.

७. सीमा होती म्हणता, मग गावकरी कसे राहत?

एकत्र. राजे दोन, पण गाव एकच होतं. शाळा आणि गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला, चर्चला जायचं ते बव्हेरियातल्या ट्योपेनला. म्हणजे मुलं सकाळी दप्तर घेऊन परराज्यात, बाप संध्याकाळी बिअर प्यायला परराज्यात, आणि रविवारी पलीकडची मंडळी प्रार्थनेला इकडे. सोयरिकी दोन्ही बाजूंना, शेतंही दोन्ही बाजूंना. ओढा इतका अरुंद की बऱ्याच ठिकाणी एका ढांगेत पार होतो. कर कोणाला भरायचा आणि सैन्यात कोणाच्या जायचं, सीमेचा अर्थ साधारण एवढाच.

८. मग बिघडलं कधी?

१९४५ मध्ये. युद्ध संपलं तेव्हा थुरिंगियात अमेरिकी फौजा होत्या. मित्रराष्ट्रांनी आधीच ठरवलेल्या वाटणीप्रमाणे जुलै १९४५ मध्ये त्या मागे गेल्या आणि थुरिंगिया सोव्हिएत विभागात गेलं. बव्हेरिया अमेरिकी विभागात. विभागांच्या सीमा आखताना जुन्या राज्यांच्याच सीमा धरल्या, त्यामुळे १८१० च्या दगडांची रेघ एकाएकी दोन महासत्तांमधली रेघ झाली. १९४९ मध्ये दोन जर्मन राष्ट्रं झाली, सोव्हिएत बाजूला पूर्व जर्मनी आणि बव्हेरियाकडे पश्चिम जर्मनी, आणि ओढा आंतरराष्ट्रीय झाला. तरी सुरुवातीला पास घेऊन ये-जा चालू होती. खरी कोंडी १९५२ ची.

९. १९५२ मध्ये नेमकं काय झालं?

२६ मे १९५२ ला पूर्व जर्मनीच्या सरकारने सीमेवर नवी बंदोबस्त-व्यवस्था जाहीर केली. सीमेला लागून दहा मीटरचा पट्टा नांगरून साफ ठेवायचा, म्हणजे पाऊल पडलं तर उमटेल. त्यामागे पाचशे मीटरचा संरक्षित पट्टा. त्याहीमागे पाच किलोमीटरचं निर्बंधक्षेत्र. म्योडलारॉइटची थुरिंगियाकडची घरं ओढ्याला चिकटलेली, म्हणजे आख्खी अर्धी वस्ती सगळ्यात कडक पट्ट्यात. या पट्ट्यात राहणाऱ्याच्या ओळखपत्रावर वेगळा शिक्का. पाहुण्याला परवान्याशिवाय प्रवेश नाही, सख्खी बहीण असली तरी. अंधार पडल्यावर बाहेर फिरायचं नाही.

त्याच उन्हाळ्यात गावातून माणसाच्या उंचीहून उंच लाकडी फळ्यांचं कुंपण उभं राहिलं. फळ्या का, तर पलीकडचं दिसू नये म्हणून. तारेतून माणूस दिसतो, हात हलवता येतो.

शिवाय सीमेवरच्या "अविश्वासू" कुटुंबांना उचलून आतल्या भागात नेऊन टाकलं गेलं. या मोहिमेचं सांकेतिक नाव होतं "उंगेत्सीफर", म्हणजे घरातली कीड, ढेकूण-झुरळं. काही तासांत सामान बांधा आणि निघा. १९६१ मध्ये अशीच दुसरी मोहीम झाली. संपूर्ण सीमेवर दोन्ही वेळचे मिळून अकरा हजारांहून अधिक लोक असे विस्थापित झाले. या शब्दाचं भाषांतर करून सांगितलं की ऐकणारा हमखास पुन्हा विचारतो, "सरकारी कागदावर असं लिहिलं होतं?" हो, अधिकाऱ्यांच्या कामकाजात हाच शब्द होता.

१०. भिंत कधी बांधली? ती बर्लिनच्या भिंतीचाच भाग होती का?

भाग नव्हती. बर्लिन इथून रस्त्याने अडीचशे किलोमीटरांहून दूर. बर्लिनची भिंत पश्चिम बर्लिनला वेढा घालणारी होती, सुमारे १५५ किलोमीटर. दोन जर्मनींमधली लांब सीमा वेगळी, १३९३ किलोमीटर, आणि तिच्यावर बहुतेक ठिकाणी भिंत नव्हती, जाळीचं कुंपण होतं. म्योडलारॉइटमध्ये मात्र घरं समोरासमोर होती, म्हणून लाकडी फळ्या आणि काटेरी तारा अशा पायऱ्या चढत १९६६ मध्ये काँक्रीटची भिंत आली. लांबी ७०० मीटर, उंची ३.३ मीटर. ती ओढ्याच्या थोडी आत, थुरिंगियाच्या जमिनीवर उभी होती. मागे टेहळणीचा मनोरा, रात्री दिव्यांचा झोत. अमेरिकी सैनिकांनी गावाचं नावच "छोटं बर्लिन" ठेवलं.

असं हे एकमेव गाव होतं, असं काही ठिकाणी लिहिलेलं वाचाल. ते बरोबर नाही. उत्तरेला त्सिखेरी आणि ब्योकवित्स ही जोडगावंही अशीच तुटली होती. पण एवढ्या लहान वस्तीच्या मधोमध ही भिंत बऱ्याच प्रमाणात जागेवर टिकून आहे, म्हणून म्योडलारॉइटचं नाव जास्त झालं.

११. "पूर्व" जर्मनी म्हणता, मग नकाशावर ती गावाच्या उत्तरेला कशी?

चांगला प्रश्न. गावात उभं राहून होकायंत्र काढणारा प्रत्येक जण इथे गोंधळतो. दोन जर्मनींमधली सीमा सरळ वरून खाली जात नव्हती. थुरिंगियाच्या तळाशी ती वळून जवळजवळ आडवी झाली होती, आणि त्या आडव्या भागावर आपलं गाव. म्हणून इथे "पूर्व" उत्तरेला आणि "पश्चिम" दक्षिणेला. आणखी गंमत म्हणजे "पश्चिमे"तलं होफ हे "पूर्वे"तल्या एरफुर्ट शहराच्या पूर्वेला आहे. पूर्व-पश्चिम हे राजकारणाचे शब्द होते, दिशांचे नव्हते.

१२. भिंतीपलीकडच्या नातेवाइकांना भेटता यायचं का?

गावात नाही. बव्हेरियाचे लोक ओढ्यापर्यंत येऊन पाहू शकत, परदेशी पाहुणे तर पाहायलाच येत. थुरिंगियाच्या बाजूच्यांना हात हलवणं किंवा हाक मारणंही मना होतं. पाहणारा दिसला की खिडकीपासून बाजूला व्हायचं. ओढ्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच जात असणार, हे मला तिथे उभं राहिलं की दर वेळी जाणवतं.

१९७३ पासून दोन्ही सरकारांच्या करारामुळे सीमेलगतच्या जिल्ह्यांतल्या पश्चिम जर्मनांना अधिकृत नाक्यावरून पूर्वेत थोड्या दिवसांसाठी जाता येऊ लागलं. इथे लोक विचारतात, मग प्रश्न सुटला ना? नाही, कारण निर्बंधक्षेत्र (प्रश्न ९) त्यातून वगळलेलं होतं. म्हणजे दक्षिण म्योडलारॉइटचा माणूस वळसा घालून नाक्यावरून पूर्व जर्मनीत शिरू शकत होता, पण उत्तर म्योडलारॉइटला पोहोचू शकत नव्हता. भाऊ भेटायचा तर निर्बंधक्षेत्राबाहेरच्या एखाद्या गावात. शंभर पावलांवरच्या माणसाला भेटायला दिवसभराचा प्रवास.

१३. कोणी भिंत ओलांडून पळालं का?

हो. मे १९७३ मध्ये एक जण शिडी लावून भिंत चढला आणि बव्हेरियाच्या बाजूला उतरला. निर्बंधक्षेत्रात यायचा परवाना असल्याशिवाय भिंतीपर्यंत शिडी आणणंच अशक्य होतं. त्यामुळे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती.

याच भागातली दुसरी सुटका जास्त प्रसिद्ध आहे आणि लोक ती चुकून म्योडलारॉइटला चिकटवतात. १६ सप्टेंबर १९७९ च्या पहाटे स्ट्रेल्त्सिक आणि वेत्सेल ही दोन कुटुंबं, एकूण आठ जण, घरी शिवलेल्या गरम हवेच्या फुग्यातून थुरिंगियातून उडाली आणि होफ जिल्ह्यातल्या नायला गावाजवळ उतरली. खाली उतरल्यावर आपण पश्चिमेत आहोत की अजून पूर्वेतच, हे त्यांना लगेच कळलं नव्हतं. नायला म्योडलारॉइटच्या नैऋत्येला आहे, गाव वेगळं.

१४. अमेरिकेचे अध्यक्ष इथे आले होते म्हणतात, खरं का?

जॉर्ज बुश (थोरले) फेब्रुवारी १९८३ मध्ये आले होते, पण तेव्हा ते उपाध्यक्ष होते. अध्यक्ष झाले १९८९ मध्ये. पन्नास वस्तीच्या गावाला भेट द्यायचं कारण उघड आहे. त्या काळी युरोपात नवी क्षेपणास्त्रं बसवण्यावरून वाद पेटला होता आणि भिंतीसमोर काढलेला एक फोटो दहा भाषणांचं काम करत होता.

१५. बर्लिनची भिंत पडली त्याच रात्री ही पण पडली का?

नाही, इथे जास्त वेळ गेला. होफने मात्र बदलाची चाहूल आधीच पाहिली होती. प्रागमधल्या पश्चिम जर्मन वकिलातीत आसरा घेतलेल्या पूर्व जर्मनांना घेऊन पहिल्या रेल्वेगाड्या १ ऑक्टोबर १९८९ ला होफ स्टेशनात शिरल्या. ९ नोव्हेंबरला बर्लिन खुलं झालं. म्योडलारॉइटच्या भिंतीत पायी जाण्यापुरतं दार उघडलं ते ९ डिसेंबरला, बरोबर महिन्याने.

त्याच ९ डिसेंबरला होफमध्ये दोन्ही जर्मनींतले सुमारे चारशे निसर्गप्रेमी जमले होते. चाळीस वर्षं माणूस न फिरकलेल्या सीमापट्ट्यात दुर्मीळ पक्षी आणि झाडझाडोरा टिकला आहे, तो आता नांगराखाली जाऊ द्यायचा नाही, असा ठराव त्यांनी केला. त्यातूनच पुढे "हरित पट्टा" उभा राहिला. एकाच दिवशी गावात दार उघडलं आणि पंधरा किलोमीटरवर त्या रेघेचं जंगल राखायचं ठरलं.

भिंत तोडायला उत्खनन यंत्र आलं १७ जून १९९० ला. ही तारीख पश्चिम जर्मनीत राष्ट्रीय सुट्टीची होती, १९५३ च्या पूर्वेतल्या उठावाच्या आठवणीची. पूर्वेत तेव्हा अजून पूर्वेचंच चलन होतं. पश्चिमेचा मार्क तिथे आला पंधरा दिवसांनी, १ जुलैला.

१६. आता बघायला काय आहे?

सगळी भिंत तोडली नाही. सुमारे शंभर मीटर मुद्दाम ठेवली. सोबत टेहळणीचा मनोरा आणि जाळीच्या कुंपणाचा भाग. या जाळीला जवळून हात लावून बघा. पोलादी पत्रा चिरून ताणलेला, छिद्रं इतकी बारीक की बोट अडकवून चढता येऊ नये, आणि कडा धारदार. भिंतीपेक्षा मला ती जाळी जास्त भेसूर वाटते, कारण कोणीतरी बसून बोटांची जाडी मोजलेली असते.

हे सगळं "जर्मन-जर्मन संग्रहालय" म्हणून ओळखलं जातं. १९९० मध्ये सुरू झालं. चालवणाऱ्या संघात बव्हेरिया, थुरिंगिया आणि सॅक्सनी या तिन्ही राज्यांतले जिल्हे आहेत, शिवाय गेफेल आणि ट्योपेन. उघड्या आवारात फिरायला दोन तास काढा आणि बूट चिखलाचे असू द्या.

जर्मन दूरचित्रवाणीवर २०१५ मध्ये आलेली, ओढ्याचंच नाव असलेली मालिका याच गावावरून सुचलेली. पण तिचं चित्रीकरण इथे नाही, चेक प्रजासत्ताकात झालं. तेव्हा मालिकेतली घरं शोधत फिरू नका.

१७. आता तरी एकच गाव झालं असेल?

माणसांच्या दृष्टीने हो. कागदावर नाही. १९९० मध्ये दोन जर्मनी एक झाल्या, पण बव्हेरिया आणि थुरिंगिया ही दोन राज्यं राहिली, आणि सीमा पुन्हा पूर्वीच्याच अर्थाने ओढ्यात जाऊन बसली. त्यामुळे पन्नास माणसांच्या गावात आज दोन महापौरांचा कारभार आहे. पिनकोड दोन: बव्हेरियाच्या बाजूला ९५१८३, थुरिंगियाच्या बाजूला ०७९२६. फोनचे कोड दोन. गाडीची पाटी इकडे सहसा "एच. ओ.", तिकडे "एस. ओ. के.". मुलांच्या शाळा वेगळ्या, अभ्यासक्रम वेगळा, उन्हाळी सुट्टीच्या तारखाही वेगळ्या. दक्षिणेचा माणूस भेटल्यावर "ग्र्यूस गॉट" म्हणेल, उत्तरेचा "गुटन टाग".

पार्सल मागवताना पिनकोड चुकला की काय होतं, हे इथे कोणालाही विचारा, हसून सांगतील.

१८. मग दोन्ही भाग एका राज्यात का टाकत नाहीत? एवढीशी तर जागा.

कायद्याने शक्य आहे. जर्मन घटनेच्या कलम २९ प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलायला सहसा सार्वमत वगैरे मोठा व्याप लागतो, पण पन्नास हजारांपेक्षा जास्त वस्ती नसलेला भाग इकडून तिकडे द्यायचा असेल तर दोन राज्यांनी करार केला तरी भागतं. म्हणजे अडचण कायद्याची नाही.

माझं मत विचाराल तर गरजच नाही. भिंत गेली तेव्हाच त्रास गेला. उरलेली रेघ तीच आहे जी १८१० मध्ये होती (प्रश्न ५), आणि तिच्यासोबत राहायची या गावाला जुनी सवय आहे.

१९. म्हणजे आपल्या महाराजगुड्यासारखं का? की बेळगावसारखं?

दोन्ही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेवर, महाराजगुडा आणि आसपासची मिळून चौदा गावं आहेत. तिथे दोन्ही राज्यं त्याच गावावर हक्क सांगतात. म्हणून एकेका घरात दोन-दोन रेशनकार्डं, दोन्हीकडच्या योजना आणि दोन्हीकडचं मतदान. म्योडलारॉइटमध्ये हक्काचा वाद नाही. प्रत्येक घर नक्की एका राज्यात आहे आणि ते कुठलं, याबद्दल कोणाला शंका नाही.

बेळगावचा प्रश्न भाषेचा आहे. इथे दोन्ही काठांची भाषा जर्मनच, नमस्काराचा फरक सोडला तर शेजारच्या गावाइतकाच. भाषा एक, नाती एक, शेत एक असतानाही भिंत बांधता येते, हे ज्याला पटत नाही त्याला मी प्रश्न ९ पुन्हा वाचायला सांगतो.

२०. सुट्ट्यांचं गणित काय आहे? ३१ ऑक्टोबरला होफची दुकानं उघडी आणि तिकडची बंद कशी?

सणांच्या सुट्ट्या जर्मनीत राज्यं ठरवतात. ३१ ऑक्टोबर, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा दिवस, थुरिंगियात सुट्टी, बव्हेरियात नाही. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, सर्व संतांचा दिवस म्हणून बव्हेरियात सुट्टी, थुरिंगियात कामाचा दिवस. ६ जानेवारी बव्हेरियात सुट्टी, तिकडे नाही. २० सप्टेंबर हा बालदिन थुरिंगियात २०१९ पासून सुट्टीचा, इकडे नाही. म्हणजे गावात एका काठावर ट्रॅक्टर चालू आणि दुसऱ्यावर सुट्टी, असं वर्षातून काही वेळा होतं. किराणा राहिला असेल तर राज्य बदला, हा होफच्या विद्यार्थ्यांचा जुना उपाय.

२१. पण १५ ऑगस्ट तर बव्हेरियात सुट्टी असते ना? मग होफला आणि ट्योपेनला का नाही?

कारण तो अपवादातला अपवाद आहे. १५ ऑगस्ट हा मेरीच्या स्वर्गारोहणाचा कॅथलिक सण, आणि बव्हेरियात तो सगळीकडे सुट्टीचा नाही. ज्या गावात प्रोटेस्टंटांपेक्षा कॅथलिक जास्त, तिथेच सुट्टी. होफचा हा भाग जुन्या बायरॉइट सत्तेखालचा (प्रश्न ५), म्हणून सोळाव्या शतकापासून प्रोटेस्टंट. म्युनिकमधला मित्र त्या दिवशी घरी असतो आणि आपण ऑफिसात. इथली आपली मंडळी झेंडावंदन सकाळी कामावर जाण्याआधी उरकतात, सव्वासातला, चहा थर्मासमध्ये.